टिमिया बाचिन्स्कीने मध्येच टेनिस सोडलं नसतं तर ती ग्रँड स्लॅम जिंकली असती का? तिची ती वर्षं वायाच गेली ना?

"वायाच गेली ना" हे वाचलं आणि हातातलं काम बाजूला ठेवून लिहायला बसलो, कारण हेच वाक्य आमच्या घरात मी इतक्यांदा ऐकलंय की आता डोकंच फिरतं. माझं मत आधीच सांगून टाकतो. काहीही वाया गेलं नाही, उलट ती सोडून गेली म्हणूनच पुढचं सगळं झालं.

तुम्ही या स्विस टेनिसपटूबद्दल विचारताय म्हणजे फ्रेंच ओपनच्या दोन सेमीफायनल तुम्हाला माहीत असणारच, पण सोडण्याबद्दल बोलायचं तर आधीचं बघायला लागतं. फ्रान्समध्ये तार्बला १४ वर्षांखालच्या पोरांची ती मोठी स्पर्धा होते ना, ती हिने २००२ आणि २००३ अशी लागोपाठ दोनदा जिंकली. तिच्याआधी असं स्वित्झर्लंडच्याच मार्टिना हिंगिसने केलं होतं. म्हणजे विचार करा, तेरा-चौदा वर्षांची पोरगी, स्वित्झर्लंडसारखा देश, हिंगिस नुकतीच दुखापतींनी थांबलेली, आणि सगळे हिच्याकडे बघतायत की आता पुढची हीच. वडील स्वतः टेनिस कोच. आणि हे मी माझ्या मनाचं सांगत नाहीये, तिने स्वतः मुलाखतींमध्ये उघड सांगितलंय की वडिलांच्या दबावाखाली खेळत होते, टेनिस मी निवडलंच नव्हतं. पुढे आईवडील वेगळे झाले, वडिलांशी तिने संबंध तोडले, पण खेळ काही सुटला नाही, कारण लहानपणापासून दुसरं काही केलेलंच नव्हतं. २००९ ला लक्झेंबर्गमध्ये सबीना लिसिकीला हरवून पहिलं डब्ल्यूटीए (बायकांच्या व्यावसायिक टेनिसची संघटना) टायटल पण घेतलं. बाहेरून बघणाऱ्याला वाटणार, झकास चाललंय. मग २०११ ला पायाची दुखापत, ऑपरेशन, रँकिंग घसरलं, आणि २०१३ ला तिने ठरवलं की बास. हॉटेलमध्ये कामाला लागली, हॉटेल मॅनेजमेंट शिकायचं ठरवलं.

आता इथे मला माझ्या बहिणीचं सांगायलाच लागेल, त्याशिवाय मी एवढा का चिडलोय ते कळणार नाही.

आम्ही कोल्हापूरचे. आमच्याकडे कुस्ती आणि फुटबॉल, टेनिस म्हणजे मोठ्या लोकांचे चोचले असं निम्मी गल्ली म्हणायची. धाकटी बहीण आठ-नऊ वर्षांची असताना उन्हाळी शिबिराला गेली आणि तिचा फोरहँड बघून तिथले सर बाबांना म्हणाले, पोरीच्या हातात काहीतरी आहे. झालं. तेव्हापासून रोज पहाटे मी तिला स्कूटरवर कोर्टवर सोडायचो, थंडीत तिच्या पाठीवरची किटबॅग माझ्या पाठीला टोचायची आणि ती मागे बसून डुलक्या घ्यायची. पुणे, सोलापूर, औरंगाबाद, जिथे स्पर्धा असेल तिथे आई नाहीतर मी. लाल पिवळ्या डब्यातनं रात्रभर प्रवास, सकाळी मॅच, हरली की दुपारी परत. सोळा वर्षांखालच्या गटात राज्यात नाव झालं होतं. कोचिंगची फी, बॉलचे कॅन, दर थोड्या दिवसांनी रॅकेटचं गटिंग म्हणजे तारा बदलणं, बाबांच्या पगारात हे कसं बसायचं ते बाबांनाच माहीत.

त्यात काकांनी एकदा तिला भारीतली रॅकेट घेऊन दिली. मुंबईहून मागवलेली. काकांनी मनापासून दिली होती हे मी नाकारत नाही.

मग बारावीच्या आधी तिची नडगी दुखायला लागली. सर म्हणाले मसल आहे, बर्फ लावा, खेळत राहा. पट्टी बांधून खेळली. शेवटी एका स्पर्धेत दुसऱ्या सेटला तिला पाय टेकवेना, एक्सरेत काही दिसलं नाही, एमआरआय केला तर स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे हाडाला बारीक चीर. प्लॅस्टर, विश्रांती, फिजिओ. आणि पाय बरा झाल्यावर ती एका रात्री जेवताना शांतपणे म्हणाली, "मला परत नाही जायचं." आई रडली. बाबा काहीच बोलले नाहीत, ताटातला भात संपवला आणि उठून हात धुतले. दुसऱ्या दिवशी काका आले आणि सुरू झालं, "एवढा पैसा घातला, वाया घालवला सगळा." त्यानंतर प्रत्येक लग्नात, बारशात, गणपतीत, चारचौघांत, "काय गं, त्या रॅकेटचं काय केलंस?" ती हसून टाळायची. मीच भांडायचो. काकांचं एकच पालुपद, खेळाडूने एकदा सोडलं की तो संपला, दुनियेत कोणी परत येत नाही.

तर बाचिन्स्कीचं पुढे काय झालं ते बघा. २०१३ च्या मे महिन्यात तिला ईमेल आला की फ्रेंच ओपनच्या क्वालिफाइंगमध्ये, म्हणजे पात्रता फेरीत, तुम्हाला खेळता येईल. रँकिंग एवढं खाली गेलेलं की तिच्या ध्यानीमनी नव्हतं. हॉटेलमधून सुट्टी मागितली, स्वतः गाडी चालवत पॅरिसला गेली, आणि क्वालिफाइंगच्या पहिल्याच मॅचमध्ये हरली. हरली! पण तिथेच तिला कळलं की मला खेळायचंय, आणि या वेळी ते मला हवंय म्हणून. हा फरक ज्याला कळत नाही त्याच्याशी खेळाबद्दल बोलण्यात अर्थ नाही असं माझं स्पष्ट मत आहे. मग तिने दिमित्री झावियालोफला कोच म्हणून विचारलं, ज्याने स्वित्झर्लंडच्याच वाव्रिंकाला लहानपणापासून घडवलं तोच. २०१४ ला वुहानमध्ये शारापोवाला हरवलं. २०१५ ला मेक्सिकोत अकापुल्को आणि मॉन्टेरी, सलग दोन आठवड्यांत दोन टायटल, आणि गंमत म्हणजे दोन्ही फायनलला समोर कॅरोलिन गार्सियाच. लागोपाठ १५ मॅच जिंकल्या, ती मालिका इंडियन वेल्सला सेरेनाने तोडली. फ्रेंच ओपनला क्विटोव्हाला काढलं, सेमीला परत सेरेना, पहिला सेट ६-४ ने घेतला. सेरेना त्या दिवशी तापाने फणफणलेली, पॉइंट संपला की रॅकेटवर रेलायची, तरी शेवटी ४-६, ६-३, ६-० ने तीच जिंकली, कारण ती सेरेना आहे. विम्बल्डनला क्वार्टर, बीजिंगला फायनल, त्या वर्षी डब्ल्यूटीएने सगळ्यात जास्त प्रगती केलेली खेळाडू म्हणून निवड केली, आणि मे २०१६ ला जगात नववी. हे सगळं, खेळ सोडून परत आल्यानंतरचं. आधीच्या करिअरमध्ये ती टॉप टेनच्या जवळपासही नव्हती. मग वाया काय गेलं सांगा?

आणि खेळायची कशी ते पण बघा ना. आजकाल बेसलाइनवरनं नुसतं जोरात मारायचं चालतं, हिच्या बॅकहँडला डोकं होतं. मागे ढकलत ढकलत न्यायची आणि त्याच स्विंगमधनं नेटजवळ हळूच पडणारा असा ड्रॉप टाकायची की समोरची पोरगी पळायचं पण विसरायची. चौदा वर्षांच्या घाबरलेल्या पोरीला असा शॉट ऐन मोक्याला सुचत नाही. माझं तरी असंच मत आहे, ज्याला हरायची भीती उरलेली नाही तोच असं खेळतो.

२०१६ चं रिओ ऑलिंपिक तर आपल्या लोकांनी पण बघितलं असेल, कारण तोपर्यंत हिंगिस म्हणजे सानियाची आणि पेसची पार्टनर म्हणून घराघरात माहीत झाली होती. स्वित्झर्लंडच्या बेन्चिचने माघार घेतली म्हणून हिंगिसला डबल्ससाठी ऐनवेळी नवी पार्टनर लागली. बाचिन्स्की सिंगल्सच्या पहिल्याच राउंडला हरलेली, आणि त्याच ऑलिंपिकमध्ये या दोघींनी डबल्सचं सिल्व्हर आणलं. फायनल रशियाच्या मकारोवा-वेस्निनाकडे ६-४, ६-४ अशी गेली.

८ जून २०१७ ला फ्रेंच ओपनची दुसरी सेमीफायनल, ओस्टापेन्कोशी. त्या दिवशी दोघींचा वाढदिवस, हिचा अठ्ठाविसावा आणि तिचा विसावा. बहीण तेव्हा पुण्याला बँकेत नोकरीला, सुट्टीवर घरी आलेली, आणि योगायोगाने काका पण संध्याकाळी चहाला आलेले. मी मुद्दाम टीव्ही मोठा केला आणि काकांना हॉटेलपासनं सगळी स्टोरी सांगितली. काका बघत होते, दुसरा सेट बाचिन्स्कीने घेतला तेव्हा जरा सरसावून पण बसले. शेवटी ७-६, ३-६, ६-३, ओस्टापेन्को सुसाट मारत होती, तिला त्या आठवड्यात कोणीच अडवू शकलं नसतं. मॅच संपली तसे काका म्हणाले, "बघ, हरलीच ना शेवटी." मी तोंड उघडणार तेवढ्यात बहीण म्हणाली, "काका, ती रॅकेट पुण्याला आहे. ग्रिप बदलून घेतली, गटिंग केलं, शनिवार-रविवारी मी खेळते." आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. स्वतःच्या पगारातनं कोर्टचं भाडं भरते म्हणाली. काका म्हणाले आता काय उपयोग त्याचा. उपयोग! मी तेव्हा जे बोलायचं ते बोललो, नंतर बरेच महिने आमचं बोलणं बंद होतं, आणि आजही मला वाटतं मी बरोबर बोललो.

म्हणून हे उत्तर जर कुठले आईबाप, काका, मामा वाचत असतील तर त्यांना सांगतो, पोरगं सोडतो म्हणालं तर सोडू द्या. रॅकेट विकू नका, टोमणे मारू नका, हिशोब काढू नका. ज्यांनी दिलेल्या पैशांची आठवण चारचौघांत करून द्यायचीय त्यांनी पैसे देऊच नयेत.

आता थोडं दुसऱ्या बाजूचं पण लिहितो, नाहीतर कमेंटमध्ये लोक येतीलच. बाचिन्स्की सोडून गेली तेव्हा तिच्या नावावर ऑलरेडी डब्ल्यूटीए टायटल होतं, ती काही शून्यातनं आलेली नव्हती, आणि तिथे स्वित्झर्लंडमध्ये खेळ सोडलेल्या पोरीला चोविसाव्या वर्षी नवीन काहीतरी शिकायला लागणं आपल्याइतकं अवघड नाही. आपल्याकडे बारावीला मागे पडलेल्या पोराला कोण विचारतं? शिवाय सोडलेले बहुतेक जण परत येत नाहीत हे काकांचं म्हणणं आकड्यांत बरोबर असेल, पण परत येणं हीच काय ती सोडण्याची परवानगी आहे का? आणि शरीराचं म्हणाल तर ते तिच्यावर दुसऱ्यांदा पण उलटलंच. २०१७ च्या शेवटाला हाताची दुखापत आणि ऑपरेशन, त्यानंतर पूर्वीचा फॉर्म आला नाही, २०२१ ला तिने रिटायरमेंट जाहीर केली. सिंगल्सची एकूण चार टायटल, चौथं रबातचं २०१६ चं.

राहिला तुमचा मूळ प्रश्न, ग्रँड स्लॅम जिंकली असती का. न सोडता तशीच रेटत राहिली असती तर माझ्या मते कुठल्या सेमीपर्यंतसुद्धा पोचली नसती. २०१७ ला ओस्टापेन्कोला काढलं असतं तर फायनलला हालेप होती, आणि हालेपने तिला २०१५ ला शेन्झेनच्या फायनलमध्ये दोन सरळ सेटमध्ये हरवलेलं. पण ते हार्ड कोर्टवर, आणि पॅरिसच्या मातीवर तिचे ते ड्रॉप शॉट हालेपला जड गेले असते असं मला वाटतं.