मनाचाही ओव्हर देत जा

प्रिय बाळा,

तुझा मेसेज पहाटे पावणेचारला आला. त्या रात्री तुझी नाइट नव्हती, म्हणजे तू घरी जागीच होतीस. "सिस्टर, कामाचा वीट आलाय आणि वीट आला याचीच लाज वाटते," एवढंच लिहिलंस. फोनवर तू लगेच "मी ठीक आहे" म्हणतेस, म्हणून पत्र लिहितेय.

एसएनसीयूतलं, म्हणजे आजारी नवजात बाळांच्या विशेष कक्षातलं, ते बाळ जाऊन पाच आठवडे झाले. त्या रात्री तुम्ही दोघी होतात आणि बाळं सतरा. मनुष्यबळ नसताना जे घडतं, त्याचा दोष आपण मुकाट्याने स्वतःच्या माथी घेतो. तुझे हात दोनच होते गं.

माझ्या नोकरीचं दुसरं वर्ष होतं. पहाटे वॉर्डात एक बाळ गेलं. मी नळ्या काढल्या, त्याला पुसून कापडात गुंडाळलं, आईच्या हातात दिलं, रजिस्टर पूर्ण केलं आणि मॉर्निंगच्या सिस्टरला ओव्हर दिला, म्हणजे ड्यूटी सोपवताना पेशंटची माहिती सांगितली, "चार नंबर रिकामा." घरी कणीक मळायला बसले, तर बाहीला चिकटपट्टीचा तुकडा दिसला. त्यावर माझ्याच अक्षरात 'बेबी ऑफ' आणि त्या आईचं नाव. मला तो टाकवेना. देव्हाऱ्याच्या खणात ठेवला. पुढे कितीतरी महिने मी प्रत्येक सलाइन तीन-तीनदा तपासायचे, नातेवाइकांवर खेकसायचे, घरी मुलांशी धड बोलायचे नाही. रडू मात्र येत नव्हतं. शेवटी वॉर्डातल्या मावशींनी हात धरून खाली बसवलं आणि विचारलं, "सिस्टर, कोण गेलं तुमचं?" माझ्या तोंडून त्या बाळाच्या आईचं नाव निघालं, तेव्हा कुठे बांध फुटला.

बघ, पेशंटचा ओव्हर दिल्याशिवाय आपण वॉर्ड सोडत नाही. कुणाचा ताप चढला, कुणाची लघवी कमी झाली, सगळं सांगतो. स्वतःवर काय गुदरलं ते मात्र पर्समध्ये घालून घरी नेतो. तू निघताना एका तरी मैत्रिणीला पाच मिनिटं सांगत जा. "आज मला भीती वाटली," इतकं म्हटलं तरी पुरे.

तुला जे होतंय त्याला नाव आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये आजारांच्या नव्या वर्गीकरणात 'बर्नआउट'ची नोंद केली, तीही आजार म्हणून नाही, तर कामाच्या न आवरलेल्या ताणाचा परिणाम म्हणून. अंगातली ताकद संपणं, कामावरून मन उडणं, आपल्या हातून काही नीट होत नाही असं वाटणं, ही त्याची तीन लक्षणं. तुझ्या त्या एका ओळीत मला तिन्ही दिसली. पण झोप, भूक दोन्ही गेली असेल तर नुसता थकवा म्हणून सोडून देऊ नकोस, दाखवून घे.

आपल्याच सिव्हिलच्या मानसोपचार ओपीडीत बाकावर बसायची लाज वाटते, मला कळतं. तर आधी 14416 वर फोन कर. ही 'टेलि-मानस' सेवा 10 ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे, चोवीस तास, मोफत, आणि मराठीत बोलता येतं. डॉक्टरकडे गेलीस तर तुझी माहिती गुप्त ठेवणं 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने त्यांच्यावर बंधनकारक आहे.

एक गोष्ट मात्र रागावून सांगते. झोपेची गोळी वॉर्डाच्या कपाटातून घ्यायची नाही. आपल्या हाताशी औषधं असतात, डोस पाठ असतात, आणि तिथेच आपल्यातल्या चांगल्या मुली फसतात. आणि 'उद्या उठूच नये' असं मनात आलं, तर त्याच क्षणी आईला उठव, मला फोन कर. रात्रीचे किती वाजलेत ते बघायचं नाही.

सलग नाइट लागल्या तर अधिसेविकांना लेखी दे. एकटीने नको, चौघींनी मिळून सह्या करून दे. तोंडी सांगितलेलं हवेत विरतं.

शनिवारी तुझा ऑफ आहे ना? दुपारी जेवायला ये. भाकरी मी करते, तू नुसती ओट्यापाशी बस. आणि त्या बाळाबद्दल मला सगळं सांग, अगदी ते दाखल झालं तिथपासून.

तुझी,
सिस्टर