त्यांनी चहा रागाने सोडलेला नाही

प्रश्न : चार महिन्यांपूर्वी प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी ह्यांची ग्रंथी काढली. पीएसए (प्रोस्टेटची रक्ततपासणी) 0.1 च्या खाली आलाय, डॉक्टर खूश आहेत. हे मात्र सतत चिडलेले. पुतण्याच्या रिसेप्शनला आले नाहीत, जावांसमोर माझी मान खाली गेली. सकाळचा चहाही सोडलाय, पाणी घोटभरच पितात. एवढं केलं तरी माझी किंमत नाही. काय करू?

उत्तर : ताई, मानापमानाचं नंतर बघू. चहा-पाण्याचं तुम्ही जाता जाता लिहिलंत, दुखणं तिथेच आहे. माझी खात्री आहे, त्यांची लघवी गळतेय आणि ती कमी व्हावी म्हणून ते तहान मारताहेत.

लघवी रोखायला दोन झडपा असतात. ग्रंथीबरोबर वरची जाते, मग सगळा भार खालच्या स्नायूवर. खोकलं, हसलं, खुर्चीतून उठलं की थेंब सुटतात. संध्याकाळी स्नायू थकला की जास्तच. रिसेप्शन संध्याकाळीच होतं ना? चार लोकांत पँट ओली होईल म्हणून तो माणूस घरी बसला, आणि तुम्हाला जावा काय म्हणतील याची पडलीय!

पाणी तोडून गळणं थांबत नाही. लघवी दाट होते, जळजळते, घाई वाढते; बद्धकोष्ठ झालं की आणखी त्रास. दिवसाला दीड-दोन लिटर पाणी हवंच, रात्रीच्या जेवणानंतर कमी. सकाळचा एक कप चहा चालतो.

आजच मेडिकलमधून पुरुषांसाठीचे पॅड आणा. ते स्वतः मागणार नाहीत. खोलीचं दार लावून पाकीट हातात द्या. सांगा, की या ऑपरेशननंतर असं पुष्कळांना होतं आणि बहुतेकांचं वर्षभरात आटोक्यात येतं. मुला-सुनेपुढे विषय काढू नका.

मग व्यायाम. गॅस अडवताना आवळतो तोच स्नायू पाच सेकंद आवळायचा, पाच सेकंद सैल सोडायचा. दहा वेळा, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने. पोट, मांड्या आवळल्या किंवा श्वास कोंडला तर मेहनत वाया. उठण्या-खोकण्याआधीही आवळायचा. लघवी मध्येच थांबवून सराव मात्र नको, मूत्राशय नीट रिकामं होत नाही. नेमका स्नायू सापडत नसेल तर फिजिओथेरपिस्ट दाखवतात.

धार बारीक झाली, जोर करावा लागला, तर ग्रंथी काढल्यावर मूत्राशय आणि मूत्रमार्ग जिथे जोडले, तो आतला सांधा आकसलेला असू शकतो. पुढच्या तारखेची वाट न बघता सर्जनला दाखवा. लघवी अडलीच तर त्याच क्षणी दवाखाना गाठा. एरवी तीन दिवस रोज किती पॅड बदलले ते लिहून न्या, म्हणजे गळणं किती आहे याचा सर्जनला नीट अंदाज येईल.