'सविनय कायदेभंग'मधला विनय कोणता?

एका वाचक ताईंचा प्रश्न आहे: "अमेरिकेतल्या वर्णभेदाविरुद्धच्या लढ्यावर मी मुलांसाठी लेख लिहिते आहे. त्यात 'सविनय कायदेभंग' असं लिहिलं होतं, ते तपासणाऱ्यांनी खोडून 'नागरी अवज्ञा' केलं. त्यांचं म्हणणं असं की 'सिव्हिल' म्हणजे नागरी, 'सविनय' हे चुकून रुळलेलं भाषांतर आहे. आणि ज्यांना खाणावळीत साधं बसू देत नव्हते त्यांनी विनय कशाला दाखवायचा? बरोबर शब्द कोणता? आणि 'सिट-इन'ला, म्हणजे गोऱ्यांसाठी राखलेल्या जागी जाऊन बसण्याच्या आंदोलनाला, धरणे म्हणता येईल का?"

ताई, तुमचा शब्द ठेवा. आक्षेपाला आधार नाही असं मात्र नाही. हेन्री डेव्हिड थोरो या अमेरिकी लेखकाचा या विषयावरचा प्रसिद्ध निबंध १८४९ मध्ये पहिल्यांदा छापला गेला तेव्हा त्याच्या शीर्षकाचा अर्थ 'नागरी शासनाचा प्रतिकार' असा होता. 'सिव्हिल डिसओबीडियन्स' हे नाव त्याला १८६६ मध्ये, थोरोच्या मृत्यूनंतर मिळालं. म्हणजे मुळातलं 'सिव्हिल' हे शासनाचं विशेषण होतं, प्रतिकार करणाऱ्याच्या वागणुकीचं नव्हतं. थोरोपुरतं बोलायचं तर 'नागरी' चालेल.

पण आपल्याकडे हा शब्द आला तो गांधींच्या हातून. दक्षिण आफ्रिकेत 'पॅसिव्ह रेझिस्टन्स' (निष्क्रिय प्रतिकार) हा शब्द त्यांना खटकला, तेव्हा आपल्या 'इंडियन ओपिनियन' या साप्ताहिकातून त्यांनी वाचकांना नवं नाव सुचवायला सांगितलं. मगनलाल गांधींनी 'सदाग्रह' सुचवला आणि गांधींनी त्याचा 'सत्याग्रह' केला. इतका शब्द पारखून घेणारा माणूस 'सिव्हिल'बद्दल गाफील राहील हे पटत नाही. 'सिव्हिल'चा अर्थ त्यांनी जाणूनबुजून वागणुकीशी जोडला: आज्ञाभंग मनापासून केलेला, संयमी आणि आदर राखणारा हवा, त्यामागे द्वेष नको. त्यातून गुजरातीत 'सविनय भंग', हिंदीत 'सविनय अवज्ञा' आणि मराठीत 'सविनय कायदेभंग' आला. ही भाषांतराची चूक नाही, अर्थ ठरवून घेतलेला शब्द आहे.

खरी अडचण 'विनय' या शब्दाचं आज काय झालं आहे ही आहे. अर्जात आपण 'सविनय सादर' लिहितो, त्यामुळे हात जोडून, मान खाली घालून उभा असलेला माणूस डोळ्यांसमोर येतो. दुसरीकडे 'विनयभंग' म्हटलं की थेट पोलीस ठाणं आठवतं. या दोन टोकांमध्ये जुना अर्थ हरवला. 'वि' आणि 'नी', म्हणजे नेणे, वळण लावणे, यातून हा शब्द आला. कौटिल्याच्या अर्थशास्त्राचं पहिलं अधिकरण 'विनयाधिकारिक' आहे आणि त्यात राजाच्या शिक्षणाची व शिस्तीची चर्चा आहे. भिक्षूंच्या आचरणाचे नियम ज्यात आहेत ते 'विनयपिटक'. रघुवंशात दिलीप राजाला प्रजेचा पिता म्हटलं आहे ते 'प्रजानां विनयाधानात्', म्हणजे तो प्रजेला वळण लावतो म्हणून. राजा प्रजेला वळण लावतो तेव्हा तो तिच्यापुढे लवत नसतो. विनय म्हणजे अंगी बाणवलेली शिस्त. नम्रता हा त्यातला एक भाग, आणि आज आपल्या हाती तेवढाच उरला आहे.

हा जुना अर्थ कृतीत बघायचा असेल तर तुमच्याच विषयात बघा. मी नागपूरचा, म्हणून ही गोष्ट मला जास्त जवळची वाटते. जेम्स लॉसन नावाचा तरुण कृष्णवर्णीय अमेरिकी धर्मोपदेशक १९५३ मध्ये नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात आला. कोरियाच्या युद्धासाठी सैन्यात भरती व्हायला नकार दिला म्हणून तो त्याआधी तुरुंगात राहून आला होता. इथे तो मुलांना खेळ शिकवी आणि गांधींच्या मार्गाचा अभ्यास करी. वर्णभेदाविरुद्ध अमेरिकेतल्या मॉंटगोमेरी शहरात कृष्णवर्णीयांनी बसवर टाकलेल्या बहिष्काराची बातमी त्याने डिसेंबर १९५५ मध्ये 'नागपूर टाइम्स'मध्ये वाचली. परतल्यावर मार्टिन ल्यूथर किंग यांच्याशी त्याची भेट झाली, आणि पुढे टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिलमध्ये त्याने विद्यार्थ्यांचे वर्ग सुरू केले.

दुकानांतल्या खाण्याच्या काउंटरवर फक्त गोऱ्यांना बसू देत, तिथे जाऊन बसायची ही तयारी होती. चर्चच्या तळघरात चालणाऱ्या त्या वर्गांत काय शिकवत, तर मार खायला. काही विद्यार्थी खुर्च्यांवर बसत, बाकीचे गोऱ्या गुंडांचं सोंग घेऊन त्यांना शिव्या देत, केस ओढत, तोंडावर सिगारेटचा धूर सोडत, ढकलून खाली पाडत. बसलेल्याने हात उचलायचा नाही, शिवी द्यायची नाही, पडलो तर डोकं आणि शरीर कसं वाचवायचं ते शिकायचं. त्यांच्यातल्याच जॉन लुइस आणि बर्नार्ड लाफाएट यांनी विद्यार्थ्यांसाठी नियमांचा कागद काढला: उलट वार करू नका, मोठ्याने हसू नका, पुढाऱ्याच्या परवानगीशिवाय जागा सोडू नका, दुकानाची दारं अडवू नका, सौजन्याने वागा, ताठ बसा, तोंड काउंटरकडे ठेवा. 'ताठ बसा' आणि 'सौजन्याने वागा' एकाच कागदावर आहेत. सविनयचा अर्थ कुणी मला विचारला तर मी हा कागद पुढे करीन.

२७ फेब्रुवारी १९६० रोजी काउंटरवर बसलेल्या या विद्यार्थ्यांवर हल्ला झाला. गोऱ्या तरुणांनी मुलामुलींना स्टुलांवरून ओढून मारलं. पोलिसांनी अटक केली ती मार खाणाऱ्या ८१ जणांना, आणि आरोप काय, तर रेंगाळणं आणि बेशिस्त वर्तन! महिनोन् महिने शिस्तीचा सराव केलेल्या मुलांवर बेशिस्तीचा आरोप. न्यायालयाने पन्नास डॉलर दंड केला, तेव्हा डायान नॅश ही विद्यार्थिनी आणि तिच्या सोबत्यांनी तो भरायला नकार दिला आणि तुरुंग पत्करला. लॉसन शिकत होता त्या विद्यापीठाने त्याला काढून टाकलं. तरीही १० मे रोजी नॅशव्हिलमधल्या सहा दुकानांनी आपले काउंटर सर्वांना खुले केले. यात गयावया कुठे आहे? 'विनय कशाला दाखवायचा' या प्रश्नाचं उत्तर हेच की त्यांनी तो कुणाला दाखवला नाही, तो कमावला.

'कायदेभंग' हा अर्धा भाग मात्र दर वेळी तपासून घ्या, कारण प्रत्येक आंदोलनात कायदा मोडलेला नसतो. १९६१ चे 'फ्रीडम रायडर्स', म्हणजे वर्णभेद झुगारून बसमधून एकत्र प्रवास करणारे गोरे-काळे कार्यकर्ते, अमेरिकेच्या दक्षिणेतल्या बसस्थानकांवर गेले तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने आंतरराज्य प्रवाशांसाठीची तिथली वेगळी व्यवस्था १९६० मध्येच बेकायदा ठरवली होती. कायदा त्यांच्या बाजूचा होता, मोडत होते ते स्थानिक अधिकारी आणि जमाव. आपल्याकडे महाडला तेच घडलं. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा बोले ठराव १९२३ चा, महाड नगरपालिकेने चवदार तळं अस्पृश्यांना खुलं केलं १९२४ मध्ये, आणि २० मार्च १९२७ ला डॉ. आंबेडकर आपल्या लोकांसह तिथे पाणी प्यायले तो कागदावर आधीच मिळालेला हक्क बजावण्यासाठी. अशा ठिकाणी 'सत्याग्रह' लिहा, 'कायदेभंग' नको. उलट किंग यांनी १९६३ मध्ये अमेरिकेतल्या बर्मिंगहॅमला न्यायालयाचा मनाई हुकूम असूनही मोर्चा काढला, तो उघड भंग होता. अन्याय्य कायदा मोडायचा तर उघडपणे, प्रेमाने आणि शिक्षा भोगण्याच्या तयारीने मोडावा, असं त्यांनी तिथल्या तुरुंगातून लिहिलं. तिथे 'सविनय कायदेभंग' अगदी चपखल बसतो.

आता 'सिट-इन'. धरणे हा शब्द मला इथे थोडा अपुरा वाटतो. पूर्वी पैसे बुडवणाऱ्याच्या दारात सावकार धरणं धरून बसत असे. आजही कार्यालयाबाहेर, रस्त्यावर धरणं असतं. धरणं दाराशी असतं. नॅशव्हिलच्या विद्यार्थ्यांनी दार अडवलं नव्हतं, ते तर नियमांनीच मना होतं. ज्या जागेवर बसायला बंदी, नेमक्या त्याच जागेवर बसून ते खायला मागत होते. ज्या दुकानात वह्या, साबण विकत घेता येतो तिथेच कॉफी का मिळू नये, एवढाच त्यांचा प्रश्न. 'ठिय्या' जागेच्या दृष्टीने जवळचा आहे, पण त्यात हटवादाची छटा येते. मी 'बैठा सत्याग्रह' लिहीन, आणि मुलांसाठीचा लेख आहे म्हणून पहिल्यांदा येईल तिथे एक वाक्य जोडीन: 'फक्त गोऱ्यांसाठी राखलेल्या स्टुलावर जाऊन बसायचं, खायला मागायचं, आणि दिलं नाही तरी उठायचं नाही.'