नदीतून पकडलेले हेकेल डिस्कस काळे पडलेत, खात नाहीत. काय करू?

तुम्ही लिहिलंय की पुण्यात चार जंगली हेकेल (डिस्कस या चपट्या गोल माशाची ब्राझीलच्या नद्यांतली जात) आणून अठरा दिवस झाले, चौघेही काळपट पडून फिल्टरच्या पाइपमागे उभे असतात, तोंडाला काही लावत नाहीत. आणि हेकेलला ४.५ पीएच (पाणी किती आम्लधर्मी याचं माप, आकडा कमी तितकं आम्ल जास्त) लागतो असं कुणीतरी सांगितल्यामुळे तुम्ही बोअरच्या पाण्यात रोज पीएच डाउन, म्हणजे पीएच उतरवणारं आम्ल, टाकताय. ते आजपासून बंद करा. बाकीचं सावकाश वाचलंत तरी चालेल.

बोअरच्या पाण्यात बहुतेक वेळा बायकार्बोनेट भरपूर असतं. आम्ल टाकलं की पीएच खाली येतो, पण एअर पंप चालू असल्यामुळे कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि काही तासांत पीएच पुन्हा वर चढतो. दुसऱ्या दिवशी तुम्ही पुन्हा टाकता. म्हणजे मासा रोज वर-खाली हिंदकळतोय. त्यात भर अमोनियाची. माशाच्या कल्ल्यांतून तो सतत बाहेर पडत असतो. आम्लधर्मी पाण्यात तो अमोनियमच्या रूपात राहतो आणि फारसा बाधत नाही, पण पीएच साडेसातकडे सरकला की त्यातला काही भाग खऱ्या विषारी अमोनियात बदलतो. शिवाय पीएच सहाच्या खाली गेला की फिल्टरमधले जिवाणू मंदावतात, त्यामुळे अमोनियम साचत जातं. माझ्या मते तुमचे मासे काळे पडण्याचं पहिलं कारण हेच आहे.

मी हे एक मासा गमावून शिकलो. ठाण्यात माझ्याकडे पाच हेकेल आले होते. पिशव्या उघडल्या आणि नेहमीसारखी ठिबक नळी लावली, म्हणजे टाकीचं पाणी थेंबथेंब पिशवीतल्या पाण्यात मिसळायचं, दोन तास. लांबच्या प्रवासात बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइड साठून पीएच उतरलेला असतो आणि अमोनियमही भरपूर झालेलं असतं. पिशवी उघडली की गॅस उडतो, पीएच चढतो आणि मासा त्याच पाण्यात विषात उभा राहतो. पाऊण तासात एकाचे कल्ले भराभर उघडझाप करायला लागले, मग तो बादलीतच आडवा झाला. आता मी पिशवी न उघडता टाकीत तरंगत ठेवतो, तापमान जुळलं की मासा लगेच टाकीत सोडतो आणि पिशवीतलं पाणी फेकून देतो. टाकीचं पाणी मात्र आधीच मऊ, म्हणजे कमी क्षारांचं, करून ठेवलेलं असतं.

हेकेल येतो ब्राझीलच्या रिओ नेग्रो, त्रोंबेतास अशा नद्यांतून. नेग्रोचं पाणी कोऱ्या चहासारखं दिसतं, पीएच चार-पाचच्या आसपास. सगळे तो आकडा पकडून बसतात. पण त्या पाण्याची खरी गोष्ट ही की त्यात क्षार जवळजवळ नसतातच, आणि जिवाणूही फार कमी. अशा पाण्यात वाढलेल्या माशाला आपल्या टाकीतला जिवाणूंचा मारा झेपत नाही. म्हणून पीएच ६ ते ६.५ वर स्थिर असला तरी हेकेल छान राहतो, पण पाणी जड आणि घाण असेल तर ४.५ वरही मरतो.

तेव्हा आरओ घ्या, दुसरा मार्ग नाही. घरच्या आरओचं चालेल, फक्त पिण्याच्या नळीतलं, बाहेर टाकायच्या नळीतलं नाही. एका ड्रममध्ये आरओचं पाणी आणि थोडं नळाचं असं मिसळा की केएच (पाण्यातल्या बायकार्बोनेटचं माप) १ ते २ येईल. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन आधी मारून घ्या. ड्रममध्ये हीटर आणि एअर स्टोन लावून एक दिवस ठेवा आणि मग रोज टाकीचं १५ ते २० टक्के पाणी याच पाण्याने बदला. एका दिवसात सगळं उरकायला जाऊ नका, आठ-दहा दिवस घ्या. सोबत देशी बदामाची वाळून गळलेली पानं धुऊन टाका. रस्त्याकडेला ही झाडं सगळीकडे आहेत, फक्त औषध फवारलेल्या झाडाची पानं नकोत. पाणी चहाच्या रंगाचं होतं आणि मासे लक्षात येईल इतके शांत होतात.

टाकी चार बाय दोन बाय दोन फूट म्हणजे साधारण ४५० लिटरची असेल तर चौघांना पुरेल. सध्या खाली वाळू नको. नदीत हे मासे बुडालेल्या फांद्यांच्या जाळ्यात राहतात, तेव्हा दोन-तीन मुरलेली लाकडं उभी ठेवा, तीन बाजूंना कागद लावा, दिवा मंद करा. तापमान २९ ते ३०. वीज गेली तर बॅटरीवरचा एअर पंप हाताशी हवाच.

खाण्याची घाई करू नका. पेलेट, म्हणजे तयार खाद्याच्या गोळ्या, त्यांनी कधी पाहिलेल्याच नाहीत. नदीत ते सडका पालापाचोळा, शेवाळ, बारीक किडे खातात. संध्याकाळी दिवा मालवल्यावर फ्रोझन ब्लडवर्म (लाल अळ्या) किंवा आर्टेमिया (बारीक कोळंबीसारखे जीव) चिमूटभर टाका आणि अर्ध्या तासात उरलेलं काढून घ्या. गटारातले जिवंत टुबिफेक्स किडे अजिबात नकोत. माझ्याकडे तेविसाव्या दिवशी सगळ्यात मोठ्याने लाकडाच्या बुडाशी तोंडाने पाण्याची फुंकर मारली. एक लाल अळी वर उडाली. ती त्याने धरली, थुंकली, परत धरली आणि गिळली. त्याच आठवड्यात त्याचा मधला जाड पट्टा, तो हेकेलचा पाचवा पट्टा, स्वच्छ उठून दिसायला लागला.

आता औषधं. तीन औषधं एकदम टाकल्याचं तुम्ही लिहिलंय, तसं पुन्हा करू नका. जंगली माशात कल्ल्यातले कृमी आणि आतड्यातले जंत जवळपास गृहीतच धरावेत, पण पाणी सुधारून आठवडाभर थांबा आणि निरखा. एकच कल्ला हलतोय, दुसरा मिटलेला, मासा लाकडाला अंग घासतोय, असं असेल तर कृमींवरचं औषध प्राझिक्वांटेल, लिटरला २ मिलिग्रॅम. कृमींची अंडी त्यातून वाचतात, म्हणून आठवड्याने पुन्हा द्यावं लागतं. विष्ठा पांढरी, चिकट, दोऱ्यासारखी लोंबत असेल तर बहुधा आतड्यातले फ्लॅजेलेट (एकपेशीय परजीवी), त्यावर मेट्रोनिडाझोल. जंतांवर ते चालत नाही. शक्य असेल तर विष्ठा सूक्ष्मदर्शकाखाली बघणारा पशुवैद्य गाठा आणि मगच औषध निवडा.

आणि सोबतीला म्हणून फार्मवर वाढलेले डिस्कस आणायचा विचार लिहिलाय, तो निदान दोन-तीन महिने बाजूला ठेवा. दोघांच्या अंगावरचे जंतू वेगळे असतात, एकाला सोसणारे दुसऱ्याला मारतात. जाळी आणि बादलीसुद्धा वेगळी ठेवा.

आज नळाच्या पाण्याचा आणि टाकीचा असे दोन्ही केएच मोजून इथे लिहा, म्हणजे आरओ किती आणि नळाचं किती हे प्रमाण मी काढून देतो. चौघांपैकी कुणाचा कल्ला मिटलेला दिसतोय का, तेही कळवा.