कॅरोलिना रीपर, भूत जोलोकिया अशा जहाल मिरच्या कुंडीत येतात का? त्या चवीला कशा असतात आणि मुळात आल्या कुठून?

येतात, अगदी छान येतात. मी सहा वर्षं कुंडीतच लावतोय. पण आधी चवीचं सांगतो, कारण "त्यात चव कसली, नुसती आग" असं प्रश्नाखालीच कुणीतरी लिहिलंय आणि ते मला पटत नाही.

पहिली रीपर कापली तो प्रसंग अजून आठवतो. लिंबापेक्षा लहान फळ, अंगभर सुरकुत्या आणि फोड, खाली विंचवाच्या नांगीसारखं वाकडं टोक. हातमोजे घालून उभी चिरली. आतल्या पांढऱ्या शिरेवर पिवळसर तेलाचे बारीक थेंब चमकत होते, आणि तसेच थेंब सालीच्या आतल्या बाजूवरही होते. साध्या मिरचीत तिखटपणा तयार होतो तो बिया धरून ठेवणाऱ्या त्या पांढऱ्या शिरेत. बिया स्वतः तिखट नसतात, शिरेचं तेल त्यांना लागलेलं असतं. जहाल मिरच्यांत मात्र तेलाच्या सूक्ष्म पिशव्या सालीच्या भिंतीवरही असतात. न्यू मेक्सिको स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी 2015 मध्ये हे दाखवून दिलं. त्यामुळे "बिया-शिरा काढून टाका, तिखट कमी होईल" ही नेहमीची युक्ती इथे फारशी चालत नाही.

वास घेतला आणि मी चकितच झालो. पिकलेल्या जर्दाळूसारखा, थोडा फुलांचा, थोडा लिंबाच्या सालीचा. मग तांदळाच्या अर्ध्या दाण्याएवढा तुकडा जिभेवर ठेवला. पहिले सात-आठ सेकंद फक्त गोडसर, फळासारखी चव. मला वाटलं, एवढंच? तेवढ्यात घशाच्या मागून सुरुवात झाली. साधी मिरची जिभेच्या टोकाला झोंबते आणि ओसरते. ही मागून पुढे येते आणि चढतच जाते. दुसऱ्या मिनिटाला कान गरम, उचकी सुरू, नाक-डोळे वाहायला लागलेले. पाचेक मिनिटं काही सुचत नव्हतं. वीस मिनिटांनी सगळं उतरलं आणि उगाचच हलकंहलकं, खुशीत असल्यासारखं वाटायला लागलं. दोन तासांनी पोटात कळ आली ती वेगळी. त्याबद्दल कुणी आधी सांगत नाही, म्हणून सांगून ठेवतो: रिकाम्या पोटी कधीही चाखू नका.

खरं तर जीभ भाजलेली नसते. कॅप्सेसिन नावाचं रसायन मज्जातंतूंवरच्या टीआरपीव्ही1 या ग्राहकाला, म्हणजे संवेदना टिपणाऱ्या प्रथिनाला, चिकटतं. हा ग्राहक एरवी साधारण 43 अंश सेल्सिअसच्या वर उष्णता गेली की मेंदूला "भाजतंय" असा निरोप देतो. मिरची तोच निरोप खोटा पाठवते. डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने 1997 मध्ये या ग्राहकाचं जनुक शोधलं आणि 2021 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. पक्ष्यांमधला हा ग्राहक कॅप्सेसिनला दाद देत नाही, म्हणून ते मिरच्या बिनधास्त खातात आणि बिया न चावता दूरवर टाकतात. दातांनी बिया चिरडणाऱ्या प्राण्यांना दूर ठेवायचं आणि पक्ष्यांना बोलवायचं, असा झाडाचा हिशेब आहे. माणूस या हिशेबात बसत नाही. आपण पैसे देऊन नाकाला मिरच्या झोंबवून घेतो.

आता मूळ. या बहुतेक मिरच्या कॅप्सिकम चायनेन्स या जातीतल्या. नावात चीन आहे, पण चीनशी संबंध काही नाही. 1776 मध्ये निकोलाउस फॉन जॅक्विन या वनस्पतिशास्त्रज्ञाने ही चीनची वनस्पती समजून तसं नाव दिलं आणि चूक कायमची चिकटली. ही जात अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातली. तिथून ती कॅरिबियन बेटांवर रुजली आणि समुद्रमार्गे जगभर गेली. भूत जोलोकिया आसाम, नागालँड, मणिपूर भागातली. नागालँडमध्ये तिला राजा मिर्चा म्हणतात, मणिपुरात ऊमोरोक. जनुकीय तपासणीत ती मुख्यतः चायनेन्स निघाली, पण तिच्यात फ्रुटेसन्स या दुसऱ्या जातीचंही थोडं रक्त आहे.

2000 मध्ये तेजपूरच्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेने तिचा तिखटपणा 8,55,000 स्कोव्हिल एकक असल्याचं सांगितलं तेव्हा बाहेर फारसा कुणी विश्वास ठेवला नाही. न्यू मेक्सिकोच्या चिली पेपर इन्स्टिट्यूटने बी मिळवून ती वाढवली, मोजली, आणि 2007 मध्ये 10,01,304 एककांसह गिनीजमध्ये तिची नोंद झाली. दहा लाखांची वेस ओलांडल्यावर शर्यतच लागली. त्रिनिदादच्या मोरुगा भागातल्या स्कॉर्पियन मिरचीची काही झाडं 2012 मध्ये वीस लाखांच्या वर गेली. 2013 मध्ये अमेरिकेतल्या दक्षिण कॅरोलिनाच्या एड करी यांची रीपर आली (सरासरी 15,69,300, पुढे 2017 च्या मोजणीत 16,41,183) आणि 2023 मध्ये त्यांचीच पेपर एक्स, 26,93,000. पेपर एक्सचं बी त्यांनी विकायला काढलेलं नाही. तेव्हा कुणी "अस्सल पेपर एक्स बियाणे" देत असेल तर सरळ पुढे चला.

या आकड्यांवर मात्र फार जीव टाकू नका. 1912 मध्ये विल्बर स्कोव्हिल या औषधशास्त्रज्ञाने मिरचीचा अर्क साखरपाण्यात पातळ करत नेला आणि चाखणाऱ्यांना तिखट लागेनासं होईपर्यंत किती पट पाणी लागलं ते मोजलं. आता यंत्राने कॅप्सेसिन मोजून त्याच एककात सांगतात. पण एकाच झाडाच्या दोन मिरच्यांत मोठा फरक पडतो. ऊन, पाण्याचा ताण, फळ कधी तोडलं, सगळ्याचा परिणाम होतो. आकडा त्या नमुन्याचा असतो, तुमच्या कुंडीतल्या मिरचीचा नव्हे.

लागवडीत खरी परीक्षा बी उगवण्याची. साधी मिरची आठवड्यात कोंब काढते, या मिरच्या दोन ते पाच आठवडे घेतात आणि लोक तिसऱ्या आठवड्यात कंटाळून माती फेकून देतात. मातीचं तापमान 27 ते 30 अंश राहिलं पाहिजे. मी बी रात्रभर कोमट पाण्यात भिजवून ओलसर कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुशात) अर्धा सेंटिमीटर खोल लावतो आणि ट्रे फ्रिजच्या वर ठेवतो, तिथे ऊब असते. कोकोपीट दमट हवं, चिखल नको. खऱ्या पानांच्या (पहिल्या दोन बीजदलांनंतर येणाऱ्या) दोन-तीन जोड्या आल्या की लहान कुंडी, पुढे बारा-पंधरा लिटरची. लावणीनंतर पिकलेलं फळ हातात यायला तीन ते चार महिने धरा. फुलं लागल्यावर नत्राचं खत आवरतं घ्या, नाहीतर नुसतं रान माजतं. दिवसाचं तापमान 35 च्या वर गेलं की फुलं गळतात. त्यात तुमची चूक नसते, हवा उतरली की पुन्हा धरतात. पानं वळून बोकड्या रोग दिसला तर पानाखाली फुलकिडे (थ्रिप्स) आणि कोळी कीड (माइट्स) शोधा, पाण्याची कमतरता नंतर बघा.

बियाण्यात मी स्वतः फसलोय. ऑनलाइन मागवलेल्या "रीपर"च्या बियांना पाच महिन्यांनी लांब, गुळगुळीत, अगदीच सौम्य मिरच्या लागल्या. तेव्हापासून फुलोऱ्यातच झाड तपासतो. चायनेन्समध्ये एका पेरातून दोन-तीन किंवा जास्त फुलं लोंबतात आणि देठ फळाला मिळतो तिथे बारीक वळी दिसते. एका पेराला एकेकटं पांढरं फूल दिसत राहिलं तर शंका घ्या. स्वतःचं बी धरायचं असेल तर फूल उमलायच्या आधी फांदीवर पातळ जाळीची पिशवी बांधा, मधमाश्या सगळ्या जातींची सरमिसळ करून टाकतात.

चाखताना थंड दूध जवळ ठेवा. पाण्यात कॅप्सेसिन विरघळत नाही, दुधातलं केसिन हे प्रथिन ते ओढून घेतं. आणि पैजेवर अख्खी खाऊ नका. 2018 मध्ये बीएमजे केस रिपोर्ट्समध्ये एका 34 वर्षांच्या माणसाची नोंद आहे: स्पर्धेत रीपर खाल्ल्यानंतर त्याला विजेसारखी तीव्र डोकेदुखी सुरू झाली आणि तपासणीत मेंदूच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावलेल्या दिसल्या. पुढे तो बरा झाला.

हातमोजे काढल्यावरही साबणाने हात धुवा, आधी थोडं खाद्यतेल चोळून. मी एकदा मोज्यांच्या भरवशावर राहिलो आणि तासाभराने कॉन्टॅक्ट लेन्स काढायला गेलो.