परका, उपरा की तिऱ्हाईत?

प्रश्न असा आहे: फ्रेंच लेखक अल्बेर कामूच्या 'लेत्रांजे' (१९४२) या कादंबरीच्या नावाला मराठीत नेमका कोणता शब्द शोभेल?

फ्रेंचमधला 'एत्रांजे' हा शब्द परदेशी, अनोळखी आणि बाहेरचा अशा तिन्ही अर्थांनी चालतो. इंग्रजांचीही त्यापायी तारांबळ उडाली. १९४६ साली एकच भाषांतर लंडनमध्ये 'दि आउटसायडर' आणि न्यूयॉर्कमध्ये 'द स्ट्रेंजर' या नावाने निघालं.

'उपरा' आधीच बाद करू. लक्ष्मण माने यांच्या 'उपरा' या आत्मकथनानंतर त्या शब्दाला पाल घेऊन गावोगाव हिंडणाऱ्यांची बोच आहे. कादंबरीचा नायक मेर्सो; त्याला नोकरी आहे, अल्जिअर्समध्ये घर आहे, रविवारी बाल्कनीत सिगारेट ओढत बसायला सवड आहे. तो कसला उपरा!

'तिऱ्हाईत' मात्र मोहात पाडतो. तिऱ्हाईत म्हणजे तिसरा, ना वादी ना प्रतिवादी. मेर्सो तर खुनाचा आरोपी. तरी आपल्याला वगळूनच सगळं चाललंय असं त्याला कोर्टात वाटत राहतं. त्याचा वकील त्याच्या वतीने 'मी मारलं हे खरं' असं बोलतो. हा चक्रावून शेजारच्या शिपायाला विचारतो, तर तो आधी गप्प बसवतो आणि मग म्हणतो, सगळे वकील असंच करतात. स्वतःच्याच खटल्यात तिऱ्हाईत! फ्रेंच तत्त्वज्ञ सार्त्रने १९४३च्या लेखात या कादंबरीचं एकेक वाक्य बेटासारखं सुटं असल्याचं म्हटलं होतं. तसाच सुटा मेर्सो या शब्दात चपखल बसतो.

पण पुढच्या टीकाकारांनी वेगळंच बोट ठेवलं. कॉनर क्रूझ ओब्रायन (१९७०) आणि एडवर्ड सईद (१९९३) यांनी हा माणूस राहतो कुणाच्या भूमीवर, ते पाहिलं. मेर्सो अल्जीरियातला फ्रेंच. त्याने मारलेला नुसता 'अरब', त्याला कादंबरीभर नावच नाही. ते अल्जीरियाच्याच कमेल दाऊदने २०१३च्या कादंबरीत दिलं: मुसा. इथे 'तिऱ्हाईत' लंगडा पडतो. तिऱ्हाईत पाच गोळ्या झाडत नाही.

म्हणून माझं मत 'परका'. 'परक्यांचं राज्य' म्हटलं की आपल्याकडे फोड करून सांगावी लागत नाही, आणि आईच्या शवपेटीजवळ दुधाची कॉफी पिणाऱ्या मुलालाही तो लागू पडतो. एकच पथ्य: कोर्टात मेर्सो स्वतःला जरासा 'अँत्र्यु' (न बोलावता घुसलेला) समजतो, तिथे 'आगंतुक' लिहा. मूळ फ्रेंचमध्येच तिथे 'एत्रांजे' नाही, वेगळा शब्द आहे.