वजा करायची रांग

प्रिय,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र मिळालं. मेंदूतल्या ओपिऑइड रिसेप्टरवर, म्हणजे मॉर्फिनसारखी औषधं जिथे बांधली जाऊन परिणाम करतात त्या प्रथिनांवर, काम करायचं ठरवलंस, फार आनंद झाला. कुठलं तंत्र आधी शिकू, असं विचारलं आहेस. तंत्रं येतीलच. त्याआधी एक सवय लावून घे: हातात आलेल्या प्रत्येक आकड्याला ‘यातलं रिसेप्टरचं किती आणि उरलेलं कशाचं?’ असं विचारायची.

या विषयात फसगत होते ती इथेच. ओपिऑइड औषधं मेंदूच्या ऊतीत कुठेही चिकटतात, अगदी प्रयोगातल्या गाळणीलासुद्धा. त्या मानाने खऱ्या रिसेप्टरच्या जागा फारच थोड्या. १९७१ मध्ये औषधशास्त्रज्ञ एव्हरम गोल्डस्टीन यांनी यावर तोड सुचवली. लेव्हॉर्फनॉल आणि डेक्स्ट्रॉर्फन ही दोन औषधं म्हणजे एकमेकांचे आरशातले रेणू. पहिल्याने वेदना शमते, दुसऱ्याने तशी शमत नाही; बाकी विरघळणं, चिकटणं सगळं सारखं. मग दोघांच्या बांधलं जाण्यात जो फरक पडेल, तो रिसेप्टरचाच असणार. किती स्वच्छ विचार आहे बघ! तरी त्यांच्या हाती लागलेला फरक अगदीच किरकोळ होता. औषधावरची किरणोत्सारी खूण क्षीण, म्हणून औषध जास्त घालावं लागे, आणि जास्त औषधात नको ते चिकटणंच वरचढ होतं.

१९७३ मध्ये कँडेस पर्ट आणि सॉलोमन स्नायडर यांनी ट्रिशियमची (किरणोत्सारी हायड्रोजनची) तीव्र खूण असलेलं नॅलोक्सोन हे रिसेप्टर अडवणारं औषध वापरलं. आता अत्यल्प मात्राही पुरे झाली. त्याच वर्षी न्यूयॉर्कला एरिक सायमन आणि उप्सालाला लार्स टेरेनियस यांनी स्वतंत्रपणे तेच दाखवलं. या यशात धुण्याचा वाटा मोठा आहे, आणि त्याकडे नवखे लोक हमखास दुर्लक्ष करतात. मिश्रण काचतंतूंच्या गाळणीवर ओतायचं, खालून व्हॅक्यूम, आणि लगेच बर्फगार बफरने (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणाने) धुवायचं. सैल चिकटलेलं वाहून जातं. थंडीमुळे रिसेप्टरवरचं औषध सुटायला वेळ लागतो, पण हात रेंगाळला तर तेही निसटतं. हे काम दुसऱ्यावर सोपवू नकोस.

म्यू, डेल्टा, कप्पा ही ओपिऑइड रिसेप्टरची वर्गवारी तू वाचली असशीलच. सोडियमची गोष्ट मात्र सावकाश वाच. बफरमध्ये सोडियम असलं की नॅलोक्सोनसारखी रिसेप्टर अडवणारी औषधं चांगली बांधली जातात, मॉर्फिनसारखी चालू करणारी कमी. हेही १९७३ मध्येच दिसलं होतं. बफरमधल्या साध्या मिठाने औषधाचा स्वभाव परीक्षानळीत ओळखता येऊ लागला! आणि २०१४ मध्ये डेल्टा रिसेप्टरच्या स्फटिकरचनेत तो सोडियम आयन आपल्या जागी बसलेला प्रत्यक्ष दिसला. चाळीस वर्षांपूर्वीचा निव्वळ आकड्यांमधला फरक शेवटी एका आयनाच्या जागेपर्यंत पोचला, याचं मला अजूनही अप्रूप वाटतं.

आज तुला अँटिबॉडी (ठरावीक प्रथिनाला चिकटणारा रेणू) लावून रंगवलेल्या मेंदूच्या सुंदर चित्रांचा मोह पडेल. तिथेही तोच प्रश्न विचार. म्यू रिसेप्टरचं जनुक काढून टाकलेले उंदीर १९९६ मध्ये तयार झाले. त्यांच्यात मॉर्फिनने ना वेदना कमी झाली, ना अवलंबित्व आलं. तुझी अँटिबॉडी अशा उंदराचा मेंदूही तितकाच रंगवत असेल, तर ती म्यू रिसेप्टर दाखवत नाही. चित्र कितीही देखणं असो, बाजूला ठेव.

सुरुवात सॅच्युरेशनच्या आलेखापासून कर, म्हणजे मात्रा वाढवत नेली की रिसेप्टरच्या जागा कशा भरत जातात ते दाखवणाऱ्या. खूण केलेलं औषध चढत्या मात्रांत घे, आणि प्रत्येक मात्रेला एक जादा नळी ठेव, जिच्यात बिनखुणेचं नॅलोक्सोन भरपूर असेल. त्या नळीत जे मोजलं जाईल, ते रिसेप्टरचं नव्हे. वजाबाकी करून मला पाठवू नकोस. दोन्ही रांगा जशाच्या तशा पाठव. मी आधी खालची, या जादा नळ्यांची रांग बघेन.

सस्नेह